राखीव शिपायाचा करार

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला लागले म्हणजे सुमारे तीस किलोमीटरांवर बगरू हे गाव लागते. आज त्याची ख्याती आहे ती छापील कापडासाठी. हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर केलेले कापड, त्यावर तुरटीने उठविलेला तांबडा आणि लोखंड व गूळ कुजवून केलेला काळा रंग, अंगणोअंगणी वाळत पडलेली लांबच लांब थाने, असे ते गाव आहे. मराठी माणसाला मात्र हे नाव आणखी एका कारणाने आठवावयास हवे. सवाई जयसिंगाच्या पश्चात ईश्वरीसिंग आणि माधोसिंग या भावांत गादीचा तंटा लागला, आणि १७४८ च्या ऑगस्टात याच बगरूच्या माळावर माधोसिंगाच्या बाजूने मल्हारराव होळकर आणि गंगाधर तात्या लढले. समोर ईश्वरीसिंगाच्या मदतीला भरतपूरचा सूरजमल होता. लढाईअखेर ईश्वरीसिंगाला भावाच्या पदरात पाच परगणे घालावे लागले.

सरकारी नोकरीतल्या बदल्यांनी मला काही वर्षे जयपुरात ठेवले, तेव्हा ही लढाईची जागा पाहावी म्हणून मी एका रविवारी बगरूला गेलो. माळावर पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. पण मनात एक विचार येऊन गेला. ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. पावसाळ्यात लष्कराने मुलखात परतावे आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडावे, हा शिवकालीन शिरस्ता सभासदाने बखरीत नोंदवून ठेवला आहे. मृगाच्या सुमारास घरी येऊन नांगर धरणारा मराठा शिलेदार चाकरीतून सुटलेला नसे. तो घरी असे एवढेच. घोडा त्याचा, भाला त्याचा, आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले की पाय रिकिबीत घालण्याची जबाबदारीही त्याचीच. जे बगरूला भर पावसात उभे होते त्यांना तर त्या वर्षी घरचा पावसाळा लाभलाच नाही. घरी असणे आणि सुटलेले असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते नेमक्या या फरकाविषयी.

हा विषय मला सुचला तो इतिहासातून नव्हे. माळावरून परतताना एका छिप्याच्या अंगणात चहाला थांबलो. तिथे खाटेवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ. गाव त्यांना फौजीजी म्हणते. मी महाराष्ट्रातला आहे असे कळताच त्यांनी खडकीला काढलेल्या दोन वर्षांतले शिल्लक मराठी माझ्यापुढे ठेवले: "बसा, चहा घ्या, घाई नाही." मी सरकारी माणूस आहे हे कळल्यावर घरातून एक पत्र्याची पेटी आली आणि त्या पेटीतून कागद आले. सैन्यात गेलेल्या माणसाच्या घरी अशी पेटी असतेच. साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे, कोकणात मी ती पुष्कळ पाहिली आहे. "साहेब, मी रिटायर केव्हा झालो ते यात बघून सांगा," असे ते म्हणाले. प्रश्न साधा वाटला. पण कागद वाचू लागलो तेव्हा त्यात एक नव्हे, तीन तारखा निघाल्या.

ते १९६४ साली अठराव्या वर्षी भरती झाले होते. करार होता एकूण १५ वर्षांचा, पण तो दोन भागांत वाटलेला होता: पहिली ७ वर्षे पलटणीत आणि पुढची ८ वर्षे राखीव दलात. पहिल्या भागाला फौजेत कलर सर्व्हिस म्हणतात, म्हणजे निशाणाखालची नोकरी. दुसऱ्या भागाला रिझर्व्ह. १९७१ च्या आरंभी ७ वर्षे भरली आणि ते बगरूला परतले. गावाने हार घातले. वडिलांनी हाती ठसा दिला. आपण सुटलो, असे त्यांना वाटले. त्याच वर्षी दिवाळी उलटल्यावर, डाबूचा चिखल लावलेले कापड अजून अंगणात वाळत असताना, पोलीस ठाण्याचा शिपाई बोलावण्याचा कागद घेऊन दारात उभा राहिला. डिसेंबरातले बांगलादेशाचे युद्ध त्यांनी पश्चिम सीमेवर एका मालमोटारीच्या चक्रामागे बसून पाहिले. पुढच्या वर्षी पुन्हा घरी, पुन्हा रिझर्व्हमध्ये. शेवटची सुटका झाली ती १९७९ साली. तेव्हा रिटायर केव्हा झालात या प्रश्नाला उत्तर एकच: १९७९. पहिल्या दोन वेळा ते फक्त घरी आले होते.

आपल्या खेड्यांतून फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला सरसकट "पेन्शनवर आला" असे म्हणण्याची रीत आहे. कायद्याच्या दृष्टीने हे बोलणे बरोबर नाही. नोकरीची मुदत भरून निवृत्तिवेतनावर जाणे वेगळे, मुदतीपूर्वी वा मुदतीअंती नाव कमी होणे वेगळे, आणि राखीव दलात वर्ग होणे तर या दोहोंहून वेगळे. राखीव दलात गेलेल्या माणसाचे नाव सैन्याच्या पटावरून पुसले जात नाही. ते एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. १९५० च्या सेनाधिनियमाच्या दुसऱ्याच कलमात, हा कायदा कोणाकोणाला लागू आहे याची यादी आहे. तीत भारतीय राखीव दलांतील व्यक्ती असा स्पष्ट उल्लेख आहे. ठसा मारीत बसलेला, शेतात मोट हाकणारा किंवा गिरणीत साचा चालविणारा राखीव शिपाई, त्याला जाणवो वा न जाणवो, लष्करी कायद्याच्या सावलीत उभा असे.

या व्यवस्थेचा मूळ कायदा १८८८ चा, इंग्रजांनी केलेला. त्याचे तर्कशास्त्र इंग्लंडातून आले होते. तिथे १८७० साली कार्डवेल या युद्धमंत्र्याने भरतीची मुदत १२ वर्षांची ठरवून तिचे दोन भाग पाडले: साधारण ६ वर्षे पलटणीत आणि ६ वर्षे राखीव. कारण उघड होते. शांततेच्या काळात मोठे सैन्य पोसणे महाग पडते, आणि युद्ध आले म्हणजे शिकलेली माणसे एका दिवसात निर्माण करता येत नाहीत. तेव्हा शिकवून तयार केलेला शिपाई घरी पाठवावा, त्याला थोडासा भत्ता द्यावा, आणि त्याच्यावरचा हक्क मात्र आपल्याकडे ठेवावा. १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या ब्रिटिश फौजेत निम्म्याहून अधिक माणसे अशी घरून बोलाविलेली होती. हिंदुस्थानात मात्र त्या वेळी ही योजना लंगडी ठरली. राखीव सैनिक होते सुमारे ३५ हजार, आणि बोलावणे गेल्यावर त्यांतले पुष्कळसे वयाने आणि प्रकृतीने लढाईच्या कामाचे उरलेले नाहीत असे दिसून आले. राखीव माणूस कागदावर ठेवणे सोपे. त्याला लढण्याजोगा ठेवावयाचा तर त्याच्यावर खर्च करावा लागतो. हा धडा सरकारे वारंवार शिकतात आणि वारंवार विसरतात.

आता या करारात कोणाच्या पदरी काय पडते ते पाहू. शिपायाच्या बाजूचे बंधन कडक आहे. बोलावणे आले की हजर व्हावयाचे. प्रशिक्षणासाठी असो की युद्धासाठी असो. योग्य कारणावाचून जो हजर होणार नाही त्याच्यासाठी १८८८ च्या कायद्यातच शिक्षा सांगितली आहे. लष्करी न्यायालयापुढे खटला चालू शकतो, किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत आणि पुढच्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद देता येते. योग्य कारण कोणते, हे अर्थात शिपाई ठरवीत नाही. घरी लग्न आहे, सुगी आली आहे, नव्या मालकाकडे नोकरी नुकतीच लागली आहे, ही कारणे गावाला पटतात. कायद्यापुढे ती टिकतीलच असे नाही.

सरकारच्या बाजूचे देणे दोन प्रकारचे. एक म्हणजे राखीव काळातला तुटपुंजा भत्ता. दुसरे, आणि महत्त्वाचे, म्हणजे राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन. पलटणीतल्या शिपायाला नियमित पेन्शन मिळण्यास निशाणाखालची १५ वर्षे लागतात. सात वर्षांत परतलेल्याला ती कोठून मिळणार? म्हणून नियम असा होता की निशाणाखालची आणि राखीव अशी दोन्ही मिळून किमान १५ वर्षे भरली, तर त्याला वेगळे, लहान निवृत्तिवेतन मिळावे. भूदलाच्या १९६१ च्या पेन्शन नियमांत १५५ क्रमांकाखाली हे लिहिले आहे. रक्कम होती दरमहा १० रुपये ५० पैसे. आणि ती नको असल्यास एकरकमी ८०० रुपये घेऊन मोकळे व्हावे, असाही पर्याय होता. विमानदलाचीही अशीच व्यवस्था होती, मात्र वाटणी ९ अधिक ६ वर्षांची.

हा पर्याय फौजीजींच्या पुढे १९७९ साली आला. त्यांचे वय तेव्हा तेहतीस होते. हिशेब सोपा वाटावा असाच आहे: वर्षाला १२६ रुपये म्हणजे ८०० रुपये फिटायला सहा वर्षांहून थोडा अधिक काळ. हाती ८०० रोख आले तर धंद्याला उपयोगी पडतील. साडेदहा रुपयांसाठी दरमहा टपालात कोण जाईल? त्यांनी रक्कम घेतली. शेजारच्या गावातल्या त्यांच्या एका सोबत्याने, केवळ बायको हट्टाला पेटली म्हणून, साडेदहा रुपये घेतले. १ जानेवारी १९८६ पासून राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन शिपायाच्या किमान पेन्शनच्या दोन तृतीयांश, आणि ३७५ रुपयांहून कमी नाही, असे ठरले. त्यानंतरच्या वेतन आयोगांबरोबर ते वाढत गेले. ज्याने एकरकमी घेतले होते त्याला पुन्हा दार उघडत नव्हते. सोबत्याच्या घरी पुढे दरमहा पैसे येत राहिले. फौजीजींच्या घरी १९७९ नंतर या खात्यातून एक पैसाही आला नाही. दोघांचे १५ वर्षांचे बंधन अक्षरशः सारखे होते आणि दोघांनाही १९७१ साली सारखेच बोलावणे गेले होते. नियमावलीच्या एका ओळीवर दोन घरांचे म्हातारपण असे वेगवेगळे उभे राहिले. नियम करणाऱ्यांपैकी मीही एक आहे, म्हणून हे सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. आमच्या कचेऱ्यांतून पर्यायाचा तक्ता पाठविला जातो, तो समजावून सांगण्याचे काम कोणाचे हे मात्र पुष्कळदा लिहिलेले नसते.

त्याच नियमात आणखी एक अट आहे. कराराची पूर्ण मुदत भरण्याआधीच ज्याला राखीव दलातून कमी केले जाते, त्याची एकूण १५ वर्षे झालेली असतील आणि तो स्वतःच्या विनंतीवरून गेला नसेल, तर त्याचा हक्क शाबूत राहतो. म्हणजे "स्वतःच्या विनंतीवरून" हे दोन शब्द कागदावर आहेत की नाहीत यावर सगळे. मुंबईच्या गोदीत बरी नोकरी मिळाली, साहेबाने सांगितले की रिझर्व्हची भानगड मोडून ये, आणि माणसाने अर्ज लिहिला, की हक्क गेला. सेनाधिनियमाच्या तेविसाव्या कलमाने सेवेतून मुक्त होणाऱ्या प्रत्येक सैनिकाला त्याच्या कमांडिंग अधिकाऱ्याने प्रमाणपत्र द्यावे असे सांगितले आहे. ते इंग्रजीत आणि सैनिकाच्या मातृभाषेत असावे, आणि त्यात सेवा कोणाच्या अधिकाराने संपली, कोणत्या कारणाने संपली आणि एकूण किती सेवा झाली हे नमूद असावे. मराठी शिपायाचे हे प्रमाणपत्र मराठीत मिळावे, हा कायदाच आहे. ज्यांच्या घरी ती पत्र्याची पेटी आहे त्यांनी तो कागद काढून कारणाचा रकाना एकदा वाचावा.

भूदलातल्या माणसाला निदान राखीव दल तरी लाभले. नौदलात याहून विलक्षण प्रकार घडला, आणि त्याची झळ कोकणातल्या पुष्कळ घरांना लागण्यासारखी होती. रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली मुले नौदलात जाण्याची परंपरा जुनी आहे. त्या काळच्या खलाशाचा करार १० वर्षे सक्रिय सेवा आणि १० वर्षे फ्लीट रिझर्व्ह, म्हणजे आरमाराचे राखीव दल, असा असे. दहा वर्षांनी घरी यावे, राखीव राहावे आणि त्या राखीव वर्षांच्या बळावर निवृत्तिवेतन मिळवावे, ही त्यामागची अपेक्षा. ३ जुलै १९७६ रोजी सरकारने एका पत्राने फ्लीट रिझर्व्हची ही सेवाच बंद केली. आता समजा, एखादा मुलगा १९७० साली भरती झाला. १९८० साली त्याची दहा वर्षे भरली. करारात लिहिलेले राखीव दल तोवर अस्तित्वातच उरले नव्हते. त्याला कोणी राखीव केले नाही, म्हणून त्याची पुढची दहा वर्षे मोजली गेली नाहीत, आणि पहिली दहा पेन्शनला पुरत नव्हती. सरकारने हक्क सोडला, पण त्या हक्काबरोबर शिपायाचा मोबदलाही वाहून गेला.

हे प्रकरण टी. एस. दास विरुद्ध भारत सरकार या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याचा निकाल २७ ऑक्टोबर २०१६ रोजी लागला, म्हणजे त्या पत्रानंतर चाळीस वर्षांनी. न्यायालयाने सांगितले की प्रत्यक्ष राखीव दलात घेतल्याशिवाय राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन मागता येणार नाही. करारात तसे लिहिले होते एवढ्याने तो हक्क उपजत नाही. मात्र न्यायालयाने दुसरे दार उघडे ठेवले. जे ३ जुलै १९७६ पूर्वी भरती झाले, ज्यांची सक्रिय सेवा त्या दिवशी वा त्यानंतर संपली, ज्यांनी स्वतःहून सुटका मागितली नव्हती आणि केवळ राखीव दलच बंद झाल्यामुळे ज्यांना तिथे पाठविता आले नाही, त्यांचा विचार नौदलाच्या १९६४ च्या पेन्शन नियमांतील ९५ व्या नियमाखाली विशेष निवृत्तिवेतनासाठी होऊ शकतो. येथेही पुन्हा तोच काटा आहे: स्वतःहून सुटका मागितली होती काय? निकालाचा आदर करूनही मला व्यक्तिशः वाटते की कराराचा दुसरा भाग ज्याने लिहिला त्यानेच तो खोडला असता, त्याची किंमत खलाशाने मोजावी हे पचनी पडत नाही. विशेष निवृत्तिवेतनाची वाट ही त्या अन्यायाची न्यायालयाला सापडलेली जवळची डागडुजी म्हणावी.

पुढे भूदलातही निशाणाखालची मुदत वाढत गेली. शिपाई १५ वर्षे पलटणीतच काढू लागला, तेव्हा त्याला नियमित पेन्शन मिळू लागली आणि राखीव काळाचे आर्थिक महत्त्व आटले. पण बंधन अगदी नाहीसे झाले असे समजू नये. अल्पमुदतीच्या कमिशनवर जाणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांच्या जाहिरातीत, सेवा संपल्यावर ५ वर्षे राखीव राहण्याची अट असते. आपली मुले या जाहिराती वाचताना पगाराचा आकडा पाहतात आणि ही ओळ ओलांडून पुढे जातात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे ठाऊक असलेले बरे, कारण तिथल्या सैन्यात नाव घालणाऱ्यावर एकूण ८ वर्षांचे बंधन असते. चार वर्षे सेवा करून मुलगा घरी आला तर उरलेली चार वर्षे तो निष्क्रिय राखीव दलात असतो. कवायत नाही, मासिक वेतन नाही, शेजाऱ्यांच्या लेखी तो पूर्ण नागरिक. तरीही २००४ साली इराक आणि अफगाणिस्तानसाठी अशा हजारोंना बोलावणी गेली आणि अनेकांना आपण अजून बांधलेले आहोत हे त्या लखोट्यातून प्रथम उमगले. आपल्याकडे २०२२ पासून शिपाई अग्निपथाच्या वाटेने चार वर्षांसाठी भरती होतो. त्यांतल्या चौथा हिस्सा इतक्यांनाच पुढे ठेवून घेण्याची तरतूद आहे, आणि बाकीचे सेवा निधीची एकरकमी रक्कम घेऊन पेन्शनविना घरी येणार. त्यांच्या पेटीतल्या कागदांवर काय लिहिलेले असेल, हे त्यांच्या आईवडिलांनी भरतीच्या दिवशीच वाचून घ्यावे.

फौजीजींच्या कागदांवर मी त्या दुपारी दोन तास घालविले. आठशे रुपये घेतल्याची पावती होती, तिच्यावर त्यांची लपेटदार सही होती, आणि त्यापलीकडे करण्यासारखे काही उरले नव्हते. तसे मी त्यांना सांगितले. ते हसले. "ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला फक्त तारीख हवी होती. नातू शाळेत लिहून देणार आहे, आजोबा केव्हा रिटायर झाले म्हणून." मी एका चिठ्ठीवर १९७९ लिहून दिले. मग त्या आठशे रुपयांचे काय केले, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी अंगणाच्या कडेला बोट दाखविले. तिथे भिंतीशी लाकडी ठशांची एक फळी होती, तेलाने काळी पडलेली. त्यांतला एक ठसा उचलून त्यांचा मुलगा पुढच्या थानाची किनार छापू लागला होता.